प्रत्येक घराची एक टोपली

९ डिसेंबर

पोचले एकदाची! तिमिमूनहून इथवरच्या रस्त्याने हाडं खिळखिळी केली, पण तिन्वाझी दिसलं आणि मी गाडीतच टाळ्या पिटल्या. लाल मातीची घरं एकमेकांना चिकटून बसलेली, पुढे खजुराच्या बागा, आणि सगळ्यांच्या उशाशी वाळूची ती टेकडी. दुपार कलत होती आणि टेकडी पिकल्या जर्दाळूच्या रंगाची झाली होती. ओरानच्या बंदरावर बसून वर्षभर डोक्यात रंगवत होते ती हीच.

बाहूसची गाडी, बाहूसची जीभ. पेट्या उतरवताना त्याने विचारलं की बाई, यांत प्रेतं आहेत का? मी म्हटलं, कॅमेरे आहेत, आपट म्हणजे प्रेतही होईल, तुझं. त्यावर तो खूश झाला. ओरानला समुद्रकाठी एवढी वाळू असताना आमचीच कशाला हवी, असंही विचारून झालं. चाळिशीचा आहे, अजून लग्न नाही आणि सारखा खोकतो. स्वस्त तंबाखूचा वास त्याच्या आधी येतो.

त्याने माझी सोय मशिदीजवळच्या त्याच्या घरात केली होती, आईबरोबर. मी नाकारली. मला गावाच्या कडेचं, टेकडीला लागून असलेलं शेवटचं घर हवं होतं, कारण त्याच्या गच्चीवरून टेकडी, बागा आणि गाव एकाच चौकटीत बसतात. ते घर रिकामंच होतं. बाहूस म्हणाला, भिंतींना ओल आहे. सहारात ओल! मी पोट धरून हसले. शेवटी त्याची आई, लल्ला मबरूका, मध्ये पडली. राहू दे तिला, पोरीचं डोकं कडक आहे, वाळू करेल मऊ. मग तिने कापडात गुंडाळलेली गरम भाकरी माझ्या हातात ठेवली. राखेत आणि वाळूत भाजलेली. अशी भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती.

११ डिसेंबर

दोन दिवस फक्त कॅमेरा लावण्यात गेले. गच्चीच्या कठड्याशी ट्रायपॉडचे पाय ओल्या मातीत रोवले, वर दगड भरलेली बकरीच्या कातड्याची पिशवी टांगली. वारा आला तरी केसभर हलता कामा नये. शेजारी बॅटरी भरायला उन्हावर चालणारी पाटी. दर काही मिनिटांनी कॅमेरा आपोआप एक फोटो काढेल, मार्च संपेपर्यंत. मग ते हजारो फोटो एकापाठोपाठ पळवले की अख्खा हिवाळा दोन मिनिटांत डोळ्यांसमोरून जाईल आणि टेकडी चालताना दिसेल. उघड्या डोळ्यांना ती ढिम्म वाटते. चालते मात्र. गाव गिळायलाच निघाली आहे.

याला नियम एकच. एकदा लावलं की काच पुसण्या-बदलण्यापलीकडे हात लावायचा नाही. चौकट जरा सरकली की आधीचं सगळं मातीत. लग्नांचे फोटो काढायचं सोडून मी इथे आले आहे. ही चित्रफीत जमली नाही तर परत नवऱ्यामुलींच्या मेंदीचे हात आणि त्यांच्या आत्यांचे हट्ट. त्यापेक्षा विंचू परवडले.

१६ डिसेंबर

आज त्विझा होती. सगळ्या गावाने मिळून करायचं काम. टेकडीच्या माथ्यावर खजुराच्या फांद्यांचं कुंपण असतं, ते वाऱ्याबरोबर येणारी वाळू अडवतं. दर हिवाळ्यात ते नव्याने बांधतात. प्रत्येक घराचा ठरलेला तुकडा, प्रत्येक घराची एक टोपली फांद्या. कमी नाही, जास्त नाही. आजाऱ्यालाही सूट नाही. दोघांनी एका म्हातारीला पाठुंगळीला मारून वर आणलं, तिने आपल्या टोपलीला हात लावला आणि खाली नेलं. मी लल्ला मबरूकाला विचारलं की एवढा छळ कशाला? ती म्हणाली, हात सगळ्यांचे लागले की काम कुणा एकाचं राहत नाही.

बाहूसचा लंगोटीयार बरका डफ वाजवत होता आणि सगळे एका सुरात गात होते. गाण्यात एकेका घराचं नाव येतं, ते आलं की त्या घराने पुढे व्हायचं. खाली मोठ्या परातींमध्ये कुसकुस शिजत होता, वास थेट माथ्यापर्यंत. बरकाची बायको पाठीवर तान्ह्याला बांधून फांद्या रोवत होती. मी इतकी खूश होते की कॅमेरा बाजूला ठेवून स्वतः फांद्या वाहिल्या. हाज कुइदेरने, म्हणजे गावाच्या पाण्याचे वाटे करणाऱ्या म्हाताऱ्याने, मला अडवलं. तुझं इथे घर नाही, बाई. मी म्हटलं, भाडं भरते ना? तो हसला नाही.

एक खटकलं. कुंपणाच्या मधोमध, बरोबर माझ्या घराच्या वर, माणूसभर रुंदीचं खिंडार आहे. तिथे कुणीच फांदी रोवली नाही. गाणंही तिथे जरा थांबलं आणि पुढे गेलं.

२१ डिसेंबर

आज बायकांना कॅमेऱ्याची गंमत दाखवली. भर दुपारी लेन्सवर जाड काळी काच चढवायची, मग उजेड इतका कमी होतो की एक फोटो काढायला कॅमेऱ्याला पाच-सात मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोत धूर होऊन विरतं. जे थांबतं तेवढंच उमटतं. दुपारचे सगळे फोटो मी असेच काढते, म्हणजे येणारेजाणारे मध्ये कडमडत नाहीत.

बायकांनी बाजारचौकाचा फोटो पाहिला. चौक भरलेला असताना काढलेला, आणि त्यात चिटपाखरू नाही. फक्त मध्यभागी हाज कुइदेरचं गाढव, मिशा मोजता येतील इतकं स्पष्ट. बाहूस म्हणाला, बघा, अख्ख्या गावात फोटोच्या लायकीचं एकच निघालं! बायका हसून लोळल्या. लल्ला मबरूका हसली नाही. तिने विचारलं, म्हणजे हा डबा जिवंत माणसं पुसतो? मी म्हटलं, आजी, थांबलीस तर तूही दिसशील. ती म्हणाली, थांबेन की, एक दिवस सगळेच थांबतात.

४ जानेवारी

डोकं फिरलं आहे. ते खिंडार! दुपारी वारा सुटला की तिथून वाळूची धार धुरासारखी खाली येते, ती थेट माझ्या घराशेजारच्या वाळूच्या ढिगावर आणि माझ्या लेन्सवर. रोज ब्रश, रोज फुंकर, तरी काचेवर चरे पडायला लागलेत. शिवाय माथ्यावरची ती सुंदर सलग रेघ, आणि मधोमध पडलेल्या दातासारखी फट. सगळी चौकट तिने नासवली आहे.

बाहूसला म्हटलं, ते बुजवा. म्हणाला, ते तसंच असतं. कुणाचा तुकडा आहे तो? म्हणाला, कुणाचाच नाही. आणि पहिल्यांदाच विनोद न करता निघून गेला.

९ जानेवारी

काम फत्ते. शुक्रवार होता. सगळे पुरुष मशिदीत, बायका घरात. तिमिमूनच्या बाजारातून आणलेल्या फांद्या मी लपवून ठेवल्या होत्या, दोन खेपांत वर नेल्या आणि खिंडार बुजवलं. त्विझेत पाहिलं होतंच, खोल रोवायच्या, मग आडव्या गुंफायच्या. हात सोलून निघाले. खालून पाहिलं तर कुठे जोड आहे हे मलाही कळेना. रेघ आता अशी आहे की बघत बसावं.

२१ जानेवारी

काय नशीब आहे माझं! टेकडी चालते आहेच, पण माझ्या शेजारचा ढीग उलट खचतो आहे. वरून येणारी वाळू बंद झाली, त्यामुळे वारा आता होती ती वाळू उपसून नेतो. आठवडाभराचे फोटो पळवून पाहिले तर ढीग पाणी ओसरावं तसा उतरतो, आणि त्यातून एका घराचं छप्पर वर येतं. पुरलेलं घर! अंगावर काटा आला, आनंदाचा. असं दृश्य कुणाच्या बापाने टिपलेलं नसेल.

लल्ला मबरूका भाकरी घेऊन आली होती. ते छप्पर दिसताच तिच्या हातून कापड खाली पडलं. तिने विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, वाऱ्याची कृपा. खोटं बोलताना माझा आवाज छान लागतो.

२९ जानेवारी

घर जवळजवळ खिडकीपर्यंत उघडं झालं. दाराचा वरचा भाग दिसतो. दारावर खजुराच्या खोडाचं आडणं लावलंय, अडसरासारखं. बाहेरून.

दुपारच्या फोटोंमध्ये त्या घरापाशी चार खुंट दिसतात. काल नव्हते. गच्चीवरून नीट बघितलं, तिथे काही नाही. सपाट वाळू. आधी वाटलं काचेवरचे चरे असतील, काच बदलली. आजही चार. दोन ठेंगणे.

३ फेब्रुवारी

हाज कुइदेरच्या बकऱ्या मेल्या, सगळ्या. गोठ्याला बाहेरून आडणं लावलेलं. बाहूसने एकीचा जबडा उघडला तर घशापर्यंत वाळू ठासलेली. दाबून, दाबून. एकीचे दात आतल्या बाजूला मोडले होते.

हाज कुइदेर चौकात उभा राहून ओरडला की कोण आहे तो हरामखोर, समोर या. सगळे टेकडीकडे बघत होते. मी मात्र खाली मान घातली.

६ फेब्रुवारी

हाज कुइदेर गेला.

त्याच्या दाराला बाहेरून आडणं होतं. बरका आणि बाहूसने ते कुऱ्हाडीने तोडलं. मी मागे होते, बघायला नको होतं. म्हातारा दाराशीच पडला होता. नखं उपटलेली, दारावर रक्ताचे पट्टे. तोंड फाकलेलं आणि वाळूने गच्च भरलेलं, गाल फुगलेले, एक डोळा बाहेर आलेला. प्रेत धुवायला बसलेल्यांपैकी दोघे बाहेर येऊन ओकले. पोटावर हात ठेवला की आत वाळू खचल्याचा आवाज येतो म्हणे.

कालचे फोटो आता पाहिले. त्यातला एक, दुपारचा. चौक रिकामा, आणि हाज कुइदेरच्या दारासमोर चौघं उभी. खुंट नाहीत ते. पुरुष, बाई, दोन मुलं. तोंडं दाराकडे. इतकी स्पष्ट की बाईच्या डोईवरच्या कापडाची वीण दिसते. सहा मिनिटं ती तसूभरही हलली नव्हती.

त्या वेळी मी चौकातच होते. फुदिना विकत घेत होते.

८ फेब्रुवारी

वर जाऊन खिंडार पुन्हा मोकळं करावं का? निम्मा हिवाळा हाती आलाय. माथ्याची रेघ आत्ता मोडली तर चित्रफीत गेली. शिवाय सांगू काय लोकांना? मी बुजवलं म्हणून?

मार्चपर्यंत. फक्त मार्चपर्यंत थांबायचं. माणसं आपापल्या कारणाने मरतात.

१२ फेब्रुवारी

आजच्या फोटोत चौघं बरकाच्या दारात.

दिवसभर पाचावर धारण बसली आहे. दोनदा त्याच्या गल्लीपर्यंत गेले. बरका उंबऱ्यावर बसून डफ तापवत होता, तान्हं मांडीवर. मला म्हणाला, ये ओरानवाली, चहा घे. मी चहा घेतला. इथल्या रिवाजाप्रमाणे तिन्ही पेले घेतले. काय बोलणार होते? तुझ्या दारात कुणी उभं आहे म्हणून? मग कुंपणाचं निघालं असतं.

काही बोलले नाही. घरी आले.

१३ फेब्रुवारी

बरका. त्याची बायको. बाळसुद्धा.

बाहूसने बरकाच्या तोंडातली वाळू बोटांनी उकरली. उकरतच राहिला. ती संपेना. तो आईच्या नावाने हंबरत होता आणि त्याची बोटं सोलून निघाली होती, तरी थांबेना. शेवटी चौघांनी धरून ओढला.

बाळाच्या मुठीतही वाळू होती. मला एवढंच लिहिता येतंय.

मी मारलं त्यांना. सांगितलं असतं तर ती जगली असती.

१४ फेब्रुवारी

लल्ला मबरूकाला सगळं सांगितलं. तिच्या पायांवर डोकं ठेवून. फोटो दाखवले. तिने चौघांना नावांनी ओळखलं. अंबारक, सालका आणि त्यांच्या दोन मुली.

अंबारक पाण्याचे वाटे करायचा, हाज कुइदेरच्या आधी. जमिनीखालच्या पाटाचं पाणी दगडी फणीच्या दातांतून प्रत्येकाच्या बागेत जातं. दुष्काळ पडला, बागा वाळल्या, फक्त त्याची हिरवी राहिली. गावाने ठरवलं की याने आपल्या बागेकडच्या दातांमधली फट घासून रुंद केली. कुणा एकाने मारलं असतं तर तो खुनी झाला असता. म्हणून त्विझा केली. दाराला आडणं घातलं आणि छपराच्या झरोक्यातून वाळू ओतली. प्रत्येक घराची एक टोपली. गाणं म्हणत. मग वरचं कुंपण तेवढं उघडं ठेवलं, म्हणजे टेकडी ते घर कायमचं झाकून ठेवेल.

मी विचारलं, मग पाणी वाढलं का? ती म्हणाली, थेंबभरही नाही.

पहिली टोपली हाज कुइदेरच्या बापाची होती. दुसरी बरकाच्या आज्याची. तिसरी आमची, ती म्हणाली. मी नवी नवरी होते. या हातांनी ओतली.

तिसरं घर तिचं. तिचं आणि बाहूसचं.

१५ फेब्रुवारी

सकाळीच वर गेले, कुंपण उपटायला. नाही निघालं. महिन्याभरात फांद्या वरच्या टोकांपर्यंत वाळूत गडप झाल्यात, कुंपण असंच काम करतं, वाळू धरतं आणि स्वतःच तिच्यात मुरतं. हातांनी, फावड्याने, दातांनीसुद्धा ओढलं. खणावं तेवढी वाळू परत भरते. मी तिथे बसून गळा काढून रडले.

खाली ते घर आता पूर्ण उघडं आहे. आडणं मोडून पडलंय, दार सताड.

उतरताना बाहूस भेटला. खोकत उभा होता. त्याने माझे हात बघितले आणि वर कुंपणाकडे बघितलं. आईने सांगितलेलं होतं त्याला. एवढंच विचारलं की ओरानला तुझी वाट बघणारं कुणी आहे का. मी खरं तेच सांगितलं. नाही.

१६ फेब्रुवारी

चौकात सगळं गाव. कुंपण मी बुजवलं हे सगळ्यांना कळलं होतं. बरकाच्या मेव्हण्याने माझ्या झिंज्या धरून मला घरातून चौकापर्यंत फरपटत नेलं. त्याआधी गच्चीवर जाऊन कुदळीने मोठा कॅमेरा फोडला. हिवाळा गेला. सगळा. आणि मला काहीच वाटलं नाही. मी त्याच्या कुदळीकडे बघत होते.

कुणीतरी दगड मारला, कानशील फुटलं. बाहूस आडवा आला तर मेव्हण्याने त्याच्या तोंडावर कुदळीचा दांडा हाणला, दोन दात मातीत पडले. बायका ओरडत होत्या, ठेचा तिला, ठेचा. दुसरा दगड, गुडघ्यावर. मी रांगत होते.

तेवढ्यात लल्ला मबरूका काठी आपटत आली. एका शब्दात सगळे गप्प. म्हणाली, हिच्यावर कुणा एकट्याचा हात पडता कामा नये. लाज वाटू द्या. परवा त्विझा होईल, ते घर पुन्हा भरू, आपल्या बापांनी भरलं तसं.

माझा जीव भांड्यात पडला. तिने मला स्वतः माझ्या घरी आणलं, जखम धुतली, केस विंचरले. विंचरताना रडत होती. मी म्हटलं, आजी, तू मला वाचवलंस. ती म्हणाली, झोप पोरी.

१७ फेब्रुवारी

अंग ठणकतंय. उठवत नाही. बाहूस दारातूनच बोलला, तोंड सुजलेलं. गाडी बिघडली आहे, उद्याच्या कामानंतर सोडतो म्हणाला. माझा फोन चार्ज करून आणतो म्हणून घेऊन गेला.

छोटा कॅमेरा शिल्लक आहे. काळी काच चढवून खिडकीच्या फटीतून मशिदीकडच्या गल्लीचा फोटो काढला. चौघं लल्ला मबरूकाच्या दारात.

उद्या लवकर करा. काय करायचं ते लवकर करा.

१८ फेब्रुवारी, सकाळ

कुसकुसाचा वास येतोय. गाणं सुरू झालं. डफ नाही, डफ वाजवणारा नाही —

भाकरी आली नाही आज. पहिल्यांदाच.

बाहेर जायला उठले. दार उघडत नाही.

नंतर

ढकललं. पुन्हा ढकललं. बाहेरून काहीतरी आडवं —

खिडकीच्या फटीत कॅमेरा धरला, काळी काच लावून. हलू नये म्हणून दगडावर टेकवला. फोटोत दारासमोर माणसं. खूप. स्पष्ट, एकही पुसट नाही. ती चौघंच असणार, त्यांनी आणखी आणली असणार, मी किंचाळले —

मग खोकला ऐकू आला.

तंबाखूचा वास.

फोटो मोठा करून पाहिला. सुजलेलं तोंड. मेव्हणा. फुदिनेवाली. जिवंत आहेत सगळी. जिवंत, आणि सहा मिनिटं कुणी हललं नाही —

प्रत्येकाच्या हातात टोपली.

—

छपरावर पावलं. माझ्या छपरातल्या झरोक्याचं झाकण काढलं. ऊन आलं, मग वाळू.

ओरडले. म्हटलं, बाहूस, मी सांगायला हवं होतं, चुकले, बाहूस! गाणं थांबत नाही. एकेक घराचं नाव. नाव आलं की टोपली. हाज कुइदेरच्या सुनेची. मग बरकाच्या मेव्हण्याची, त्याने वाळूत दगड घातले होते. खांदा मोडला बहुतेक, डावा हात —

बरकाच्या घराची बाहूसने ओतली. खोकत. तोंड दुसरीकडे करून.

—

कमरेपर्यंत. पाय हलत नाहीत.

कॅमेरा वाळूवर टेकवून, माझ्याकडे वळवून खोलीचा फोटो काढला. का, माहीत नाही. सवय. फोटोत मी धूर आहे, थरथरतेय ना. कोपऱ्यात चौघं अगदी स्पष्ट. भिंतीला टेकून बसलीत. धाकटी जरा सरकून बसली आहे, मध्ये जागा —

एकीची जागा —

—

छाती. श्वास अर्धाच

वर काठी वाजली. कुणीतरी तिला पाठुंगळीला घेऊन चढवलंय. तिच्या घराचं नाव आलं गाण्यात. हात दिसला झरोक्यात, मेंदी लावलेला, म्हातारा. आजी, म्हटलं. आजी, मी आहे

टोपली ओतली. हळूच. माझा चेहरा चुकवून.

वाळूतून कापड पडलं, गुंडाळलेलं. भाकरी आहे. गरम आहे अजून, तिने आज पण